‘काका, हे ऑफिस नाही’

ताई, नमस्कार.

मी वीज खात्यातून कार्यपालन यंत्री म्हणून गेल्या वर्षी निवृत्त झालो. वय ६३. राहायला राजेंद्रनगर. निवृत्तीनंतरचं वेळापत्रक मी सहा महिने आधीच करून ठेवलं होतं. पहाटे योगासनं, मग फिरणं, कॉलनीच्या मंडळाचं सचिवपद, दुपारी बासरीचा क्लास, संध्याकाळी वाचनालय. वर्षभरात सगळं विस्कटलं. बैठक वेळेवर सुरू व्हावी, प्रत्येक खर्चाची पावती असावी, ठराव वहीत उतरावेत, एवढंच मी मंडळात म्हणत होतो. गणपतीच्या बैठकीत एक जण म्हणाला, ‘काका, हे ऑफिस नाही,’ आणि तिघे उठून गेले. मी राजीनामा दिला. बासरीला श्वास पुरेना, तीही सुटली.

मग सकाळी सिरपूर तलावावर जाऊ लागलो. पक्षी बघायला आवडतात, पण नावं येत नाहीत. एकदा एका गृहस्थांना मी पाण्यातलं काळं बदक दाखवत होतो. शेजारी एक पोरगा उभा होता, चौदा-पंधरा वर्षांचा. मध्येच म्हणाला, ‘अंकल, वो बत्तख नहीं है, कूट है.’ तो पोरगा नेहमी तिथे वही घेऊन असतो. ३६ वर्षं नोकरी केली आणि त्या पोरग्यासमोर तोंड लपवावंसं वाटलं. त्यानंतर दोन आठवडे गेलो नाही.

डावा गुडघा कुरकुरतो. सौ. म्हणते, घरात बसून माझ्या डब्यांच्या जागा बदलू नका. मुलगा पुण्याला या म्हणतो. या वयात नवा छंद धरावा, की पुन्हा समाजकार्यात पडावं? काही सुचत नाही.

— एक निवृत्त अभियंता, इंदूर

*

भाऊ, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दाशी थांबले. अख्ख्या पत्रात ‘आवडतात’ हा शब्द एकदाच आला आहे, आणि तो पक्ष्यांच्या बाबतीत आला आहे. योग, बासरी, वाचनालय, सचिवपद हे सगळं वेळापत्रकात होतं. सिरपूर त्यात नव्हतं. तिथे तुम्ही आपल्या पायांनी गेलात, कुणी सांगितलं म्हणून नाही. तेव्हा नवा छंद शोधायला निघू नका. तो तुम्हाला मिळाला आहे, आणि दोन आठवडे तुम्ही त्याच्याकडे पाठ फिरवून बसला आहात.

आधी त्या पक्ष्याचं सांगते, कारण तुमचं मन तिथेच अडकलंय. ज्याला तुम्ही काळं बदक म्हणालात त्याला मराठीत वारकरी म्हणतात, कुणी चांदवाही म्हणतात. कोळशासारखं अंग, पांढरी चोच आणि चोचीपासून वर कपाळावर चढलेला पांढरा पट्टा, गंध लावल्यासारखा. पाण्यात तरंगताना तो बदकच वाटतो. शंभरातल्या नव्वद जणांना वाटतो, मलाही वाटला होता. पण काठावर चढला की त्याचे पाय बघा. बदकाच्या बोटांमध्ये सलग पडदा असतो. वारकऱ्याची बोटं सुटी असतात आणि प्रत्येक बोटाला पाकळ्यांसारखी झालर असते. पाणी मागे लोटताना ती झालर पसरते, पाय पुढे घेताना मिटते. तुम्ही यंत्र जाणणारे, तुम्हाला ही रचना माझ्यापेक्षा जास्त आवडेल. आणि उडायच्या आधी तो पाण्यावरून पाय आपटत चांगला लांबवर धावतो, त्या धावण्याचा आवाज पाळीवर उभं राहून ऐकू येतो. एकदा हे पाहिलं की जन्मात पुन्हा त्याला बदक म्हणणार नाही.

त्या मुलाने तुमचा अपमान केला नाही. त्याला जे येत होतं ते त्याने सांगितलं. झोंबलं ते वेगळ्या कारणाने. छत्तीस वर्षं लोक तुम्हाला विचारायला येत होते आणि तुम्ही सांगत होतात. आता पहिल्यांदा तुम्ही अशा जागी उभे आहात जिथे तुम्हाला येत नाही आणि समोरच्या लहान मुलाला येतं. हे अवघड आहे. माझ्या वडिलांना मी यातून जाताना पाहिलं आहे.

ते एका कापड गिरणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून ओसरीवर बसायचे. कुणाशी बोलायचे नाहीत. आमच्या गल्लीत गुरुवारी दत्ताचं भजन असायचं, शेजारच्या आजोबांनी त्यांना जवळजवळ ओढून नेलं. गळा नव्हता, तबला-पेटी येत नव्हती. तिथल्या बुवांनी त्यांच्या हातात झांजा दिल्या. वय ५८, आणि डावीकडे सहावीतला एक मुलगा झांज वाजवायला बसलेला. वडील पहिल्या दिवशी सारखे आधी वाजवायचे. मुलगा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना थांबवायचा आणि मात्रा आली की हात उचलायचा. दोन-अडीच महिने असं चाललं. मी तेव्हा कॉलेजात होते. मला ते बघवत नसे, आपल्या वडिलांना एक लहान मुलगा थांबवतो आहे. पण त्यांचा चेहरा दर गुरुवारी मोकळा होत गेला हेही मीच पाहिलं. पुढची चौदा वर्षं त्यांनी तो गुरुवार चुकवला नाही. कधी मंडळींनी त्यांना हिशेब बघा म्हटलं तर बघायचे, पण बसायचे झांजेच्याच जागी.

तर उद्या सकाळी सिरपूरला जा. त्या मुलाला म्हणा, मला दहा पक्षी शिकव. दहाच. टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, कमळपक्षी, पाणकावळा, शेकाट्या, टिटवी, खंड्या, वेडा राघू आणि धोबी. यातले बरेचसे तुम्ही लहानपणापासून पाहिलेत, फक्त नाव आणि पक्षी यांची गाठ घातलेली नाही. बदकांच्या मागे लगेच लागू नका. थंडीत येणारे थापट्या, तलवार बदक वगैरे पाहुणे पहिल्या वर्षी माणसाला गोंधळात टाकतात, त्यात माद्या सगळ्या सारख्याच तपकिरी. ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत ते इथेच आहेत, पुढच्या वर्षीही येतील.

दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ घ्या. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार दहापट किंवा त्याहून मोठी दाखवेल. पण आपल्या वयात हात थोडा हलतो, आणि जितकी पट जास्त तितकं ते हलणं जास्त दिसतं. चष्मा लावून बघता येते का तेही दुकानातच तपासा. मर्लिन नावाचं ॲप फुकट आहे, ते आवाज ऐकून पक्षी कोणता असावा ते सुचवतं. ते कधी चुकतंही, त्यामुळे त्याचं म्हणणं डोळ्यांनी पडताळून घ्या. आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका, घरट्यावरचा पक्षी त्याने बावरतो. वही मात्र घ्याच. तारीख, वेळ, ढग होते की ऊन, कोणता पक्षी, किती, काय करत होता. लॉगशीट भरायची सवय तुमच्या हाताला आहेच, तिला आता चांगलं काम मिळेल.

समाजकार्याचं तुम्ही वेगळं विचारलं आहे. मला ते वेगळं वाटत नाही, आणि सिरपूरपेक्षा चांगला दाखला माझ्याजवळ नाही. हा तलाव होळकरांच्या काळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला गेला. पुढे त्याची जी दशा झाली ती आपण जुन्या इंदूरकरांनी डोळ्यांनी पाहिली आहे. भालू मोंढे हे आपल्यातलेच चित्रकार, शिल्पकार, छायाचित्रकार. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कलावंताच्या डोळ्याने तिथे बघणारा हा माणूस आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं त्या तलावाच्या मागे लागून राहिले. २०२२ मध्ये सिरपूर आणि यशवंत सागर हे दोन्ही तलाव रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले, आणि जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरला पाणथळ जागांचं शहर म्हणून मान्यता मिळाली. भारतातली ही पहिली दोन शहरं. स्वच्छतेच्या पहिल्या नंबराचा आपण जेवढा गाजावाजा करतो त्याच्या निम्माही याचा केला नाही, याचं मला वाईट वाटतं. यात पदाधिकारी किती होते ते मला माहीत नाही. रोज जाऊन बघणारे होते एवढं मी पाहिलं आहे.

तुम्हीही वर्षभर नुसतं बघा. फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षी मोजले जातात, निदान १५ मिनिटं एका जागी थांबून दिसतील ते पक्षी मोजायचे आणि ईबर्ड या संकेतस्थळावर नोंदवायचे. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. १२ नोव्हेंबर, सलीम अलींचा जन्मदिवस, त्या सुमारास पक्षीप्रेमी मंडळी ठिकठिकाणी जमतात. तिथे मोजणाऱ्याच्या शेजारी बसून आकडे लिहून घ्यायला माणूस लागतोच. ते काम मागून घ्या.

आणि एक गोष्ट अशी आहे जी तुम्हाला येते आणि बहुतेक पक्षी बघणाऱ्यांना येत नाही. हातोदच्या बाजूला यशवंत सागरवर सारस आहेत. माणसाच्या उंचीचा पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, जोडीजोडीने शेतात चरणारा. एवढ्या मोठ्या अंगाला हवेत पटकन वळता येत नाही, आणि विजेच्या तारांना धडकून सारस मरतात हे सगळीकडे नोंदवलं गेलेलं कारण आहे. आम्ही तिथे उभे राहिलो तर आम्हाला नुसत्या तारा दिसतात. तुम्हाला ११ केव्हीची लाइन कोणती, कुठल्या फीडरवरची, कुठे झोल पडलाय, कुठला खांब सारसांच्या चरायच्या जागेला लागून आहे हे एका नजरेत कळेल. तारांवर लावायचे चमकदार खूणगोळे असतात, पक्ष्याला ते दुरून दिसतात. कोणत्या जागी ते लागायला हवेत, अर्ज कुणाच्या टेबलावर जायला हवा आणि तो कशा भाषेत लिहिला तर फाइल पुढे सरकते, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? हे वाचताना तुम्ही आजच निघाल अशी मला भीती आहे. नका निघू. आधी एक हिवाळा सारस बघा. ते कुठून कुठे उडतात, पहाटे की तिन्हीसांजेला, हे वहीत आलं की मग अर्ज. नाहीतर पुन्हा कागद आधी आणि माणसं मागे असं होईल.

आता मंडळ. पावत्यांच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात, हे आधी सांगते. लोकांची वर्गणी आहे, तिचा हिशेब हवाच. त्यावर मी तुम्हाला नमतं घ्यायला सांगणार नाही. पण त्या तिघांकडेही जरा बघा. दिवसभर दुकानात, बँकेत, कंपनीत कुणाच्या तरी हाताखाली राबून ती मुलं रात्री साडेनऊला मंडळात येतात. साहेबाचं ऐकून ऐकून कान किटलेले असतात. तिथे त्यांना मोकळं व्हायचं असतं, एकमेकांची थट्टा करत मखराचा ढाचा उभा करायचा असतो. त्यात तुम्ही अजेंडा वाचायला घेतलात. ऑफिसात तुमच्या शब्दाला खुर्चीचं वजन होतं. इथे पहिल्यांदा माणसं जोडावी लागतात, मग ती पावती आपणहून आणून देतात.

म्हणून सचिवपद परत घेऊ नका, कुणी आग्रह केला तरी. गणपतीच्या आठ दिवस आधी मांडवात जा, टेस्टर खिशात घालून. जो मुलगा लाइटिंग लावत असेल त्याच्याजवळ उभे राहा आणि म्हणा, मी धरू का शिडी? बस. शिडी धरता धरता तुम्हाला सगळं दिसेल. ओल्या गवतावर पडलेला टेप गुंडाळलेला जोड. प्लग न लावता सॉकेटमध्ये काडीने खोचलेल्या वायरी. लोखंडी पाइपाला घासत गेलेली केबल. मांडवाच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हा सुरक्षा-स्विच लावला तर विजेची गळती होताच तो पुरवठा तोडतो आणि माणूस वाचतो, हे तुम्ही झोपेतही सांगाल. त्या मुलाला हे कुणी सांगितलेलंच नसतं. त्याला दाखवा, त्याच्याच हाताने लावून घ्या. आकडा टाकण्याऐवजी अस्थायी कनेक्शन कसं घेतात, त्याचा फॉर्म कसा भरतात, तेही त्यालाच बरोबर नेऊन शिकवा. भाद्रपदात आपल्याकडे पाऊस चांगला असतो. ओला मांडव, उघडी वायर आणि आरतीला उभी राहिलेली लहान लहान मुलं, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की माझा जीव खालीवर होतो. तुमच्यामुळे एका मांडवात जरी नीट अर्थिंग झालं तर सचिवपदाची दहा वर्षं मी त्यावरून ओवाळून टाकीन. आणि खजिनदाराला एका बाजूला घेऊन सांगा, महिन्यातून एक संध्याकाळ मी तुझ्याबरोबर वही लावायला बसतो. चहा तुमच्याकडचा.

अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, बघायला त्या मुलांबरोबर जा, रात्रभर. गुडघ्याला झेपेल तितकंच चाला, पण जा.

गुडघ्याचं म्हणाल तर हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, कुरकुर म्हणून अंगावर काढू नका. मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम ते किंवा फिजिओथेरपिस्ट शिकवतील, त्याने पुष्कळांना फरक पडतो. तोवर सिरपूरची सपाट पाळ तुमच्यासाठी उत्तम. रालामंडलची टेकडी चढायचा मोह आत्ता नको, ती चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याला जास्त त्रास देते. बरोबर एक घडीचं स्टूल ठेवा. बसून बघणाऱ्याला पक्षी जास्त दिसतात, कारण तो हलत नाही.

बासरी सुटली तर सुटली. तिचं ओझं बाळगू नका.

वहिनींच्या डब्यांबद्दल मात्र मला जरा सविस्तर लिहायचं आहे. तुम्ही छत्तीस वर्षं सकाळी साडेनऊला घराबाहेर पडलात. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ते घर त्यांचं होतं. कुठला डबा कुठे, कामवाली कधी येते, दुपारी कोणत्या मैत्रिणीचा फोन, कधी आडवं व्हायचं, हे त्यांनी एकटीने बसवलेलं आहे. तुम्ही निवृत्त झालात, त्या झाल्या नाहीत. उलट एक माणूस दिवसभर वाढला. दोन वेळचा चहा चार वेळचा झाला. तर डाळी-तांदळाच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावायचं काम आजच बंद करा (पत्रात चिठ्ठ्यांचं नाही, पण तुम्ही लावल्या असणार असा माझा कयास आहे). त्याऐवजी घरातलं एक काम संपूर्ण आपलं करा. दूध आणण्यापासून तापवून झाकून ठेवण्यापर्यंत, किंवा रविवारचे पोहे, भिजवण्यापासून कढई घासण्यापर्यंत. मदत म्हणून अर्धं करून सोडू नका, त्याने त्यांचं काम दुप्पट होतं. आणि त्यांना विचारा, तुला कुठे जायचं राहून गेलंय का.

पावसाळा ओसरताना दोघं पातालपाणी ते कालाकुंड जा. मीटर गेजवरची ती हेरिटेज गाडी २०१८ पासून आहे. रोज चालते असं धरू नका, आधी चौकशी करून तिकिटं काढा. खिडकीपाशी बसून घाट, बोगदे, खालची चोरल नदी बघायची, गुडघ्याला काही त्रास नाही. कालाकुंडला पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो, तो खा. पातालपाणीच्या पात्रात मात्र पाय घालायला उतरू नका. वर पाऊस झाला की तिथे पाणी बघता बघता चढतं, आणि तेव्हा धावायला ना वेळ मिळतो ना गुडघा साथ देतो.

पुण्याला महिनाभर जाऊन या, नातवंडं असतील तर दोन महिने. घर हलवायचा निर्णय या वर्षी घेऊ नका. इथे अजून तुमचं काही रुजायचंय, आणि नाराजीत सोडलेलं गाव माणसाला तिकडेही सुखाने राहू देत नाही.

राहता राहिला तो मुलगा. तुमच्या पत्रात तो तीनदा आला आहे, तिन्ही वेळा ‘पोरगा’ म्हणून. उद्या पाळीवर भेटला की पक्ष्यांचं विचारायच्या आधी त्याचं नाव विचारा.

— तुमची ताई